लहान पातेले

“गुरुजी, माळ घातलीत वाटतं?”

लग्नाची पंगत असो, शिक्षकांची सहल असो की गावाकडचे बारसे असो. आम्ही रश्शाचे भांडे पुढे सरकवले की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याची नजर आमच्या गळ्याकडे जाते. तेथे तुळशीची माळ नसते. मग जरा हळू आवाजात दुसरा प्रश्न येतो, “डॉक्टरांनी बंद केलं का?” आमच्या बेळगाव भागातील मराठा समाजात मांसाहार सुटण्याची ही दोनच कारणे लोकांना ठाऊक आहेत. एक पंढरीचा पांडुरंग आणि दुसरे डॉक्टर. आमचे कारण या दोहोंतही बसत नाही. ते सांगावयाचे तर आमच्या घरातील एका लहान पातेल्याची हकिकत सांगावी लागेल.

आमचे घराणे शेतकऱ्याचे. मूळ गाव बेळगावच्या पश्चिमेस. नोकरीमुळे आम्ही शहरात आलो आणि सरकारी मराठी शाळेत मास्तरकी करता करता मुख्याध्यापक झालो. आमच्यासारख्या घरांत मटण हे केवळ अन्न नसते, तो मान असतो. जावई आला, व्याही आले आणि मटण शिजले नाही, तर पाहुण्याचा मान राखला नाही, असे समजले जाई. आमचे वडील रविवारी सकाळी अंघोळ उरकून पिशवी आणि डबा घेऊन स्वतः दुकानात जात. हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवले नाही. त्यांच्यामागे ती पिशवी आमच्या हाती आली. मुख्याध्यापकाची खुर्ची मिळाली तरी ती आम्ही खाली ठेवली नाही.

आमची सौ. मात्र वारकऱ्याच्या घरातली. तिचे वडील वारी चुकवीत नसत. लग्नाआधीच तिच्या गळ्यात माळ पडलेली होती. १९९६ साली सोयरीक ठरत असताना बैठकीत आमच्याकडील वडीलधाऱ्यांनी विचारले, “मुलगी खात नाही ते ठीक, पण शिजवील ना?” तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली. सुपारी फुटली आणि तो विषय आमच्या लेखी तेथेच संपला.

तिच्या लेखी तो दर रविवारी नव्याने सुरू होत होता. परसात वेगळी चूल, वेगळी भांडी, वेगळा पाटा. वाटण ती करी, रस्सा ती करी; पण मीठ-तिखट पाहण्यासाठी आमच्या मातोश्रींना हाक मारी. मातोश्री गेल्यावर ते काम मुलाकडे आले. ज्या रश्शाचा थेंब तिने कधी जिभेवर ठेवला नाही, त्याची वाखाणणी करीत पाहुणे हात चाटून उठत. सर्वांची जेवणे उरकली, भांडी घासून झाली, की ती पुन्हा अंघोळ करी आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेले एक लहान जर्मनचे पातेले पुढे ओढून एकटी जेवायला बसे. त्या वेळी आम्ही माजघरात दुपारची झोप घेत असू. त्या पातेल्यात काय असते, हे आम्ही चोवीस वर्षांत एकदाही विचारले नाही. वर्षाकाठी शेकडो प्रश्न मुलांपुढे टाकणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न सुचू नये, याचे आज आम्हांस नवल वाटते.

एक रविवार

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पाडवा पुरणपोळीवर निभावला. पुढचा रविवार २९ मार्चचा. मटणाचे दुकान बंद. आम्ही सकाळपासून घरात येरझारा घालीत होतो. दुपारी पाने मांडली गेली. ताटात ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा, कारळ्याची चटणी, आणि वाटीत लालसर तवंग आलेली मसुराची आमटी.

आम्ही नाइलाजाने पहिला घास घेतला आणि थांबलो. दुसरा घेतला. मग विचारले, “हे काय नवीन केलंस?”

“नवीन कुठलं? रविवारी मी माझ्यापुरतं करते तेच. आज सगळ्यांना म्हणून मोठं पातेलं घेतलं.”

ती सहज बोलून भाकरी थापायला वळली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हांस लागले. चोवीस वर्षे एका छपराखाली राहून आम्ही तिचे जेवण जेवलो नव्हतो, आणि ती आमचे जेवण न जेवता रांधीत होती.

टाळेबंदी सैल झाली, दुकाने उघडली. त्या रविवारी आम्ही सवयीने पिशवी घेऊन निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो, दुकानापुढची रांग पाहिली आणि मागे वळून किराणा दुकानातून एक किलो मसूर घेऊन घरी आलो. सौ.ने पिशवीत डोकावून विचारले, “दुकान बंद होतं?” आम्ही म्हणालो, “उघडं होतं.” ती काही बोलली नाही. फळीवरचे मोठे पातेले तिने खाली काढले.

येथे कोणी साक्षात्काराची अपेक्षा करील तर त्याची निराशा होईल. जीवदयेचा विचार आमच्या मनात आला, पण तो फार नंतर. आधी आली ती लाज.

अर्धी वाट चाललेलीच होती

मास्तराला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या घरात सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या तीन वारांचेच वर्षाला दीडशेहून अधिक दिवस झाले. त्यांत संपूर्ण श्रावण, नवरात्र, दोन्ही पक्षांतील एकादश्या, चतुर्थ्या आणि गणपतीचे दिवस मिळवले, की बेरीज दोनशेच्या आसपास जाते. उरलेल्या दिवसांत प्रत्यक्ष मटण-मासळी शिजे ती बहुधा रविवारी आणि बुधवारी. म्हणजे ३६५ पैकी सुमारे ऐंशी दिवस. बाकीचे पावणेतीनशेहून अधिक दिवस आम्ही शाकाहारीच होतो. पण ते जेवण आम्ही पुढच्या रविवारची वाट पाहत, नजर दुसरीकडे ठेवून जेवत होतो. म्हणून ज्या कोणास हा बदल करावयाचा असेल, त्याने आपले पंचांग आधी उघडून पाहावे. बहुतेक मराठी घरांत अर्ध्याहून अधिक वाट आजी-पणजीने आधीच चालून ठेवलेली आहे.

तरीही उरलेली वाट सोपी नव्हती. शेजारच्या घरातून रविवारी खोबरे भाजल्याचा वास आला की आमचे वाचनात लक्ष लागत नसे. ती उणीव आम्ही भलत्याच मार्गाने भरून काढू लागलो. संध्याकाळी भजी, रात्री पनीर, अधूनमधून बेळगावचा कुंदा. मांस सोडले म्हणजे तळलेले आणि गोड खाण्याचा परवाना मिळाला, अशी आमची समजूत झाली असावी. सहा महिन्यांत सदरे घट्ट झाले. शिवाय पायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले.

ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी. हे जीवनसत्त्व धान्यांत, कडधान्यांत वा भाज्यांत नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते आणि तेही पुरतेच असे नाही. म्हणून अधूनमधून रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील तर गोळी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. सौ.चीही तपासणी केली, तर तिचेही प्रमाण कमी! “मला वाटायचं, वयामुळं होत असेल,” ती म्हणाली. तिच्या पायांच्या मुंग्या आमच्याहून जुन्या होत्या.

प्रथिनांची चिंता मात्र फारशी नको. १०० ग्रॅम मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात सुमारे २५, ज्वारीत सुमारे १०. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते कडधान्य भरून काढते आणि कडधान्यातले उणे धान्य. म्हणजे आमटी-भाकरी ही जोडी आपल्या पूर्वजांनी केवळ गरिबीपोटी जमवलेली नव्हती. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातील लोह अंगी चांगले लागते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला की ते कमी लागते. हे कळल्यापासून आमचा जेवणानंतरचा चहा तासभर पुढे गेला आहे.

पातेल्यात काय होते

बेळगावभोवतीच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारात पावसाळ्यात भात पिकते आणि भात निघाले की त्याच रानात ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. हा मसूर लहान दाण्याचा आणि चवीला गोड. त्याची आमटी करण्यास मोठी विद्या लागत नाही. मसूर तासभर भिजला तरी पुरे. कांदा विस्तवावर काळा होईतो भाजावा. सुके खोबरे, तीळ, खसखस, धणे निरनिराळे भाजून लसूण-आल्यासह वाटावे. तिखटात ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी झणक्याला. वाटण तेलात परतावे, कडेने तेल सुटू लागले की शिजलेला मसूर घालावा. दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि बोटाने दाबताच विरघळला पाहिजे. शेवटी चिंचेचे बोटभर पाणी आणि गुळाचा लहान खडा.

हे वाटण आम्ही प्रथमच स्वतःच्या हाताने वाटले, तेव्हा एक उलगडा झाला. ज्या चवीला आम्ही पन्नास वर्षे मटणाची चव म्हणत होतो, तिच्यातील मोठा भाग या वाटणाचा होता.

मग एकेक पदार्थ आमच्या ओळखीचा होऊ लागला. हुलगे शिजवून त्यांचे पाणी काढावे, लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. हे कळण पावसाळी संध्याकाळी भाताबरोबर प्यावे. उरलेल्या हुलग्याची उसळ होते. कोरडा झुणका, देठासकट भरलेली वांगी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथीची कोवळी पाने नुसत्या मीठ-तेलात कालवून भाकरीबरोबर. भाकरीविषयी एक सूचना सौ.ने सांगितली, ती येथे देतो. ज्वारीचे पीठ आठ-पंधरा दिवसांपुरतेच दळून आणावे. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि दोष मात्र थापणारीला लागतो.

आमच्या शेजारी एक लिंगायत कुटुंब आहे. घरातील वृद्ध बाईंना आम्ही अक्का म्हणतो. आम्ही मटण सोडल्याचे कळताच त्यांनी पुंडी पल्ल्याचा डबा पाठवला. पुंडी म्हणजे आपली अंबाडी. पाने उकडून, पिळून, आंबटपणा बेताचा ठेवून, डाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवायची, वरून लसणीची सढळ फोडणी. सौ.ने एक घास घेतला आणि म्हणाली, “ही तर आमच्या आईची भाजी.” दोन भाषांच्या घरांत एकच भाजी शिजत होती. आमचा झुणका त्यांच्या घरातही झुणकाच असतो आणि आपण तूप म्हणतो त्याला अक्का तुप्प म्हणतात. आमच्या घरांतून अशी भीती नेहमी बोलून दाखवली जाते की, परप्रांतात राहून आपले खाणेपिणे सुटले तर आपले म्हणून काय उरेल? मटण सोडताना ती आम्हांसही वाटली होती. परंतु झाले उलटे. कळण, माडगे, कण्या, कोरड्यास हे शब्द आमच्या मुलाच्या कानांवर आजीनंतर पुन्हा पडू लागले ते या जेवणामुळे.

शाळेतील अंडी

आता एक अवघड गोष्ट. आमच्या राज्यातील सरकारी शाळांत मध्यान्ह भोजनाला अक्षर दासोह म्हणतात. २०२२ पासून राज्यभरातील मुलांना भोजनासोबत उकडलेले अंडे मिळू लागले आणि जी मुले खात नाहीत त्यांना केळे. २०२४ पासून हे आठवड्याचे सहाही दिवस झाले. अंडी मोजून घेणे, उकडली गेली की नाहीत ते पाहणे, कोणत्या मुलाला काय हवे त्याची नोंद ठेवणे हे सारे मुख्याध्यापकाकडे येते.

एका सहकाऱ्यांनी हसत विचारले, “सर, आता तुम्हीच शाकाहारी. मुलांना केळ्यांकडे वळवा की!” आम्ही ते केले नाही. सकाळी उपाशीपोटी येणारी मुले आम्ही रोज पाहतो. त्यांच्या ताटात अंडे पडते, तेव्हा ती ते शेवटी खायला राखून ठेवतात आणि हाताने झाकून बसतात. ज्याला घरी दूधही मिळत नाही, त्याच्यापुढे आमच्या आवडीनिवडीचे प्रवचन करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? आपले ताट आपण निवडावे. दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये. एवढे शहाणपण शाळेत आम्हांस सुचले. घरी मात्र सुचले नाही, ते असे.

यात्रा

२०२३ साली आमच्या मूळ गावी लक्ष्मीची यात्रा भरली. आमच्या भागात अशा यात्रा बऱ्याच वर्षांच्या अंतराने येतात. गावची यात्रा म्हणजे घराघरापुढे मांडव, सासरी गेलेल्या लेकी, त्यांचे दीर-नणंदा, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. आधी पुरणपोळीचा नैवेद्य आणि मग तिखटाची जेवणे. घरचा खर्च सर्व भावांनी वाटून घ्यावयाचा, हा रिवाज.

आम्ही वडीलबंधूंना कळवले की, आमचा वाटा किराणा आणि मांडव यांसाठी घ्यावा, बोकडासाठी घेऊ नये.

दादांचा फोन आला. “वाटा बोकडाचा नसतो रे, घराचा असतो. चार भाऊबंद विचारतील, धाकटा कुठं आहे? काय सांगू त्यांना? मास्तर झाला, मोठा झाला, आता आमच्या पंगतीला बसत नाही म्हणून सांगू?” आम्ही तत्त्वाची भाषा बोलू लागलो. दादांनी फोन ठेवला. पुढे तीन आठवडे बोलणे नाही. वडिलांच्या पश्चात ज्यांनी शेत राखले, आमच्या शिक्षणाचा खर्च केला, ते आमच्याशी बोलत नव्हते आणि आम्ही मात्र स्वतःला मोठे तत्त्वनिष्ठ समजत होतो.

एका रात्री सौ. भांडी पुसता पुसता म्हणाली, “एक विचारू का? मी माळ घालून तुमच्या घरात चोवीस वर्षं शिजवलं. माझी माळ काही तुटली नाही. तुम्हांला एक दिवस वाढायला काय होतंय?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही आमचा वाटा, कशासाठी ते न लिहिता, दादांकडे पाठवून दिला.

यात्रेच्या दिवशी आम्ही खांद्यावर टॉवेल टाकून मांडवात उभे राहिलो. पहिली पंगत झाली, दुसरी झाली. दादा शेजारून जात, पण पाहत नसत. तिसऱ्या पंगतीला गर्दी उसळली. तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून त्यांचा आवाज आला, “मास्तर, तिकडच्या ओळीला रस्सा बघ!” आम्ही बादली उचलली आणि धावलो. तीन आठवड्यांनंतरचे ते पहिले वाक्य. त्याहून गोड शब्द आम्ही बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

रात्री अकराच्या सुमारास शेवटची पंगत उठली आणि घरच्या बायका जेवायला बसल्या. सौ.ने पिशवीतून ते लहान पातेले काढले. बेळगावहून निघताना तिने स्वतःपुरता मसूर करून आणला होता. या वेळी आम्ही तिच्या शेजारी पाट ओढून बसलो. समोर दोन माळकरी आत्या होत्या. त्यांनी आपल्या भाकऱ्या पुढे केल्या. दादांची सून म्हणाली, तिखट खाऊन जीव विटला, मलाही थोडी वाढा. दादा दारात उभे राहून पाहत होते. “काय आहे त्यात एवढं?” म्हणत त्यांनी बोटभर आमटी तळहातावर घेतली, चाखली आणि काही न बोलता निघून गेले. आमटी कोणालाच पुरली नाही.

वहिनी हसून म्हणाल्या, “पुढच्या यात्रेला मोठं पातेलं आणा, भाऊजी.”

ती यात्रा यावयास अजून पुष्कळ वर्षे आहेत. दादा अजूनही आम्हांस पंगतीत ‘पंढरीचे मास्तर’ म्हणून चिडवतात आणि आम्ही ते ऐकून घेतो. मांसाहार सोडा, असा उपदेश वाचकांना करण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्यांना सोडावयाचा असेल त्यांनी बेताने सोडावा, कडधान्य भरपूर खावे, रक्त तपासून घ्यावे आणि नातेवाइकांशी भांडू नये. ज्यांना सोडावयाचा नसेल, त्यांनाही आमचे एकच सांगणे आहे. आपल्या घरात सर्वांच्या शेवटी जी जेवते, तिच्या पातेल्यात काय असते, हे एकदा तिच्या शेजारी बसून पाहावे. आम्हांस ते पाहण्यास चोवीस वर्षे लागली. वाचकांना एवढी लागू नयेत.